बोअरचे पाणी आणि ॲल्युमिनियमचे हेड: इंजिनाच्या कूलिंग सिस्टीममधला गंज कसा रोखावा

कूलंटचा, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या ग्लायकॉलयुक्त द्रवाचा, विषय निघाला की आपल्याकडे बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: ते बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी आहे, परभणी-नांदेडला त्याची काय गरज? परभणीत हिवाळ्यातल्या एखाद्या पहाटे कडाक्याची थंडी पडते, पण रेडिएटरमधले पाणी गोठावे इतकी थंडी मराठवाड्यात पडत नाही, हे खरेच आहे. त्यामुळे ट्रॅक्टर असो, मालवाहू पिकअप असो की लग्नकार्यात भाड्याने दिला जाणारा जनरेटर असो, पाणी कमी झाले की जवळच्या बोअरची बादली रेडिएटरमध्ये ओतली जाते. मात्र कूलंटचे जे काम आपल्याला लागते ते गोठण थांबवण्याचे नसून गंज थांबवण्याचे आहे, आणि आपल्या भागातले पाणी पाहता ते काम इथे थंड मुलखाइतकेच, किंबहुना थोडे अधिकच लागते.

आमच्या घरच्या पिकअपच्या इंजिनाचे हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारा वरचा भाग, उतरवण्याची वेळ आली तेव्हा ही गोष्ट मला डोळ्यांनी पाहता आली. एकदा होज पाइप फुटला होता आणि त्या दिवशी गाडीतले मूळ कूलंट वाहून गेले. त्यानंतर तीन वर्षे शेतातल्या बोअरचेच पाणी चालले. हेड उतरवल्यावर दिसले की ॲल्युमिनियमच्या हेडमधली पाण्याची भोके कडेने कुरतडल्यासारखी झाली होती, दोन ठिकाणी खड्डा गॅस्केटच्या (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलच्या) कड्यापर्यंत पोहोचला होता आणि खड्ड्यांत पांढरी भुकटी साठली होती. त्याच पाण्यात तितकीच वर्षे राहिलेल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ब्लॉकवर मात्र वरवरचा तांबडा गंज होता, धातू शाबूत होता. पाणी एकच, उष्णता एकच, मग एक धातू खाल्ला गेला आणि दुसरा वाचला, असे का? या प्रश्नाचे उत्तर नीट कळले की पुढची सगळी काळजी आपोआप समजते.

दोन वेगवेगळे धातू एकमेकांना जोडलेले असतील आणि दोन्ही एकाच क्षारयुक्त पाण्यात बुडालेले असतील, तर त्यांची बॅटरी तयार होते. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने १८०० साली जस्त आणि तांब्याच्या चकत्या एकमेकींवर रचून मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवले आणि वीज मिळवली, तो हाच प्रकार आहे. अशा जोडीतला जो धातू अधिक क्रियाशील असतो तो विरघळत जातो आणि त्याच्या बदल्यात दुसरा वाचतो. इंजिनात नेहमी भेटणारे धातू या दृष्टीने लावले तर सर्वांत आधी ॲल्युमिनियम झिजते, त्यानंतर बीड आणि पोलाद, त्यानंतर रेडिएटर जोडायला वापरलेले शिशा-कथलाचे सोल्डर, आणि सर्वांत शेवटी पितळ व तांबे. आमच्या गाडीत हेडने ब्लॉकला वाचवले ते असे.

एका इंजिनात यांतले किती धातू एकत्र येतात ते मोजून पाहावे. ब्लॉक आणि स्लीव्ह बिडाच्या, हेड अनेक गाड्यांत ॲल्युमिनियमचे, वॉटर पंपाची आणि थर्मोस्टॅटची बॉडी बहुधा ॲल्युमिनियमची, थर्मोस्टॅटचा वॉल्व आणि तापमानाचा सेन्सर पितळेचा, ब्लॉकच्या बाजूला ठोकलेल्या गोल डब्या, म्हणजे मिस्त्री ज्यांना वेल्च प्लग म्हणतात त्या, पोलादी पत्र्याच्या. रेडिएटर जुन्या ट्रॅक्टरांत तांब्या-पितळेचा आणि नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमचा असतो. ज्या ट्रॅक्टरचे हेड बिडाचे आहे त्याच्या मालकानेही निश्चिंत राहू नये, कारण त्यात ॲल्युमिनियम थोडे आणि बीड भरपूर असते, आणि ही विषम वाटणीच अधिक घातक ठरते. झिजणारा धातू लहान आणि वाचणारा धातू मोठा असेल तर सगळा मारा त्या लहान तुकड्यावर पडतो. पितळेचा छोटा सेन्सर मोठ्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वर्षानुवर्षे टिकतो आणि हेडलाही फारसे काही होत नाही. पण बिडाच्या मोठ्या ब्लॉकला लावलेली ॲल्युमिनियमची छोटी वॉटर बॉडी चाळणीसारखी होते.

याचा जुना दाखला जहाजांचा आहे. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले. पुढे दोनएक वर्षांनी तपासले तेव्हा बरेच खिळे खाऊन गेलेले होते. मात्र पत्र्याला गुंडाळून आलेला तपकिरी कागद ज्या खिळ्यांच्या खाली चुकून राहून गेला होता ते खिळे शाबूत निघाले. दोन धातूंच्या मधे वीज न वाहणारे काही असले की झीज थांबते, हे त्या कागदाने दाखवून दिले. इंजिनात मात्र हा उपाय फार थोड्या ठिकाणी करता येतो, कारण हेड आणि ब्लॉक पोलादी बोल्टांनी आवळलेलेच असतात. धातू बदलता येत नाहीत, त्यांची जोड तोडता येत नाही. आपल्या हातात उरते ते पाणी.

आता पाण्याकडे येऊ. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे, आणि पाचशे-सहाशे फूट खोल बोअरमधून येणारे पाणी खडकातून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड आणि सल्फेट घेऊन येते. घरातल्या हंड्यावर आणि कूलरच्या जाळीवर बसणारा पांढरा थर ही त्याची रोजची ओळख आहे. मोठ्या डिझेल इंजिनांसाठी जे पाणी योग्य मानले जाते त्यात क्लोराइड ४० मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा, सल्फेट १०० पेक्षा, कठीणपणा १७० पेक्षा आणि एकूण विरघळलेले क्षार ३४० पेक्षा अधिक नसावेत, असा दंडक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात मात्र ५०० पर्यंत क्षार स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत चालण्याजोगे धरले जातात, आणि क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादाच २५० आहे. म्हणजे माणसाला चालणारे पाणी इंजिनाला चालेलच असे नाही. ॲल्युमिनियमवर आपोआप एक पातळ ऑक्साइडचा पापुद्रा असतो आणि त्याच्यामुळेच हा धातू टिकतो. क्लोराइड नेमका तो पापुद्रा ठिकठिकाणी फोडतो, आणि म्हणून झीज सरसकट न होता टाचणीच्या टोकाएवढ्या जागी खोल जाते. रेडिएटरची नळी बाहेरून चकचकीत दिसते आणि एके दिवशी तिला बारीक भोक पडते, त्याचे कारण बहुधा हे असते.

पाणी सुधारण्याचे जे घरगुती उपाय सांगितले जातात त्यांतले बरेचसे अपुरे आहेत. पाणी उकळून गार केल्याने कठीणपणाचा काही भाग खाली बसतो, पण क्लोराइड जिथल्या तिथे राहते. सॉफ्टनरमधले पाणी साबणाला चांगला फेस देते, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेले असते. एकूण क्षार त्याने कमी होत नाहीत. पावसाचे पाणी मुळात चांगले असते, पण जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्यांवरून उतरलेले असेल तर धूळ आणि जस्त घेऊन येते. जारचे आरओ पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा पुष्कळ बरे आणि अडीअडचणीला वापरण्याजोगे आहे. खरे योग्य पाणी म्हणजे बॅटरीसाठी कॅनमध्ये विकत मिळणारे डिमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेले, पाणी. घेताना कॅनवरचे लेबल नीट वाचावे, कारण त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये बॅटरीचे ॲसिडही असते. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी की असे शुद्ध पाणीही एकटे चालत नाही. त्यात हवेतला ऑक्सिजन विरघळतोच आणि बीड गंजतेच. गंज रोखणारी रसायने कूलंटमध्ये असतात, पाण्यात नसतात.

ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातल्या माणसाला इंजिनासाठी वेगळे पाणी विकत घ्या म्हणणे कदाचित रुचणार नाही. पण हिशेब करून पाहावा. बंद सिस्टीममधले पाणी संपत नाही, ते तेच ते फिरत राहते. बारा लिटरच्या सिस्टीमला दोन वर्षांतून एकदा धुण्यासाठी आणि भरण्यासाठी मिळून तीस-चाळीस लिटर चांगले पाणी लागते. दर आठवड्याला लिटर-लिटर पाणी घालावे लागत असेल तर ते नेहमीचे समजू नये. कुठेतरी गळती आहे किंवा रेडिएटर कॅप निकामी झाली आहे, आणि प्रत्येक नव्या लिटरबरोबर नवे क्षार आणि नवा ऑक्सिजन आत जातो आहे. विहिरीवरची जी जुनी संथ इंजिने उघड्या टाकीच्या किंवा वाहत्या पाण्यावर थंड होतात, त्यांना हे विवेचन लागू नाही.

कूलंट कोणते घ्यावे

डब्यावर भारतीय मानक ५७५९ चा उल्लेख आहे का ते पाहावे आणि तुमच्या वाहनाच्या पुस्तिकेत जो प्रकार सांगितला आहे त्याच्याशी ताडून घ्यावे. रंगावर विश्वास ठेवू नये. हिरवे म्हणजे जुन्या पद्धतीचे आणि लाल म्हणजे नव्या पद्धतीचे असा समज आहे, पण रंग हा कंपनीच्या मर्जीचा असतो. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट, नायट्राइट अशी रसायने असतात. ती धातूवर पटकन थर धरतात आणि लवकर संपतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी ती बदलावी लागतात. सेंद्रिय आम्लांवर चालणारी कूलंट सावकाश काम करतात आणि पाच वर्षांपर्यंत टिकतात. दोन्ही एकत्र केली तर कोणाचेच काम धड होत नाही, आणि लांब मुदतीचे कूलंट लांब मुदतीचे राहत नाही. फॉस्फेट आणि सिलिकेट असलेले कूलंट बोअरच्या कठीण पाण्यात मिसळले तर ही रसायने कॅल्शियमबरोबर साका होऊन खाली बसतात. अशा वेळी महागडे कूलंट घालूनही इंजिनाला संरक्षण मिळत नाही, उलट नळ्या चोंदतात.

तांब्या-पितळेचा रेडिएटर आणि ॲल्युमिनियमचे हेड किंवा बॉडी अशी जोडी असेल तर आणखी काळजी घ्यावी. ते दोन धातू एकमेकांना थेट टेकलेले नसले तरी पाण्यात विरघळलेले तांबे फिरत फिरत ॲल्युमिनियमवर जाऊन बसते आणि तिथे शेकडो बारीक बॅटऱ्या तयार करते. ते रोखण्यासाठी कूलंटमध्ये टॉलिलट्रायॲझोल नावाचे रसायन घातलेले असते, जे तांब्यावर पातळ आवरण धरते. गॅरेजमध्ये पाण्यात थोडे सोल्युबल ऑइल घालण्याची जी जुनी रीत आहे ती पूर्णपणे सोडून द्यावी. तेलाने रबरी होज फुगतात आणि आतल्या धातूवर बसलेला तेलाचा थर उष्णता अडवतो.

जस्ताचा तुकडा लावलेल्या रेडिएटर कॅपही विकायला असतात. ही कल्पना इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ साली जहाजांच्या तांब्यासाठी मांडली आणि समुद्राच्या पाण्यात ती आजही उत्तम चालते. पण कॅपजवळचा जस्ताचा तुकडा फुटभर दूर असलेल्या हेडला फारसे वाचवू शकत नाही, आणि विरघळलेले जस्त कूलंटमधल्या रसायनांशी मिळून गाळ करते. ते पैसे चांगल्या कूलंटवर खर्च करावेत असे माझे मत आहे.

आधी अर्थिंग तपासावे

कूलंट बदलण्यापूर्वी हे करावे, कारण अर्थिंग खराब असेल तर नवे कूलंटही टिकत नाही. इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधली पट्टी सैल किंवा गंजलेली असेल तर स्टार्टरचा आणि दिव्यांचा प्रवाह परतीसाठी जी वाट सापडेल ती धरतो, आणि कूलंट ही त्यांपैकी एक वाट असते. ट्रॅक्टरवर डेक, स्पीकर आणि जादा दिवे बसवताना त्यांची निगेटिव्ह वायर बऱ्याचदा जवळच्या कुठल्याही बोल्टला, कधी कधी रेडिएटरच्या स्टँडलाच आवळलेली असते. त्या सर्व वायरी सोडवून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्याव्यात. रेडिएटरला मुद्दाम अर्थिंग जोडू नये; ॲल्युमिनियमचा रेडिएटर रबरी बुशांवर चॅसीपासून अलगच राहायला हवा. बुश दबून रेडिएटर पोलादी चौकटीला टेकत असेल तर बुश बदलावेत. 'अलार्म'वरच्या त्या कागदाचे काम इथे हे रबर करते.

तपासणीला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप काढावी, मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावावी आणि लाल वायरचे टोक कूलंटमध्ये असे बुडवावे की ते कुठल्याही धातूला टेकणार नाही. सर्व स्विच बंद असताना ०.१ व्होल्टपर्यंतचा आकडा ठीक समजावा. ०.३ किंवा त्याहून अधिक आला तर कूलंटमधली रसायने संपत आली आहेत असे धरून ते बदलावे. त्यानंतर सोबतीला एखाद्याला बसवून एकेक गोष्ट चालू करावी: दिवे, हॉर्न, पंखा, डेक, आणि शेवटी स्टार्टर. पंखा आणि पट्टा यांपासून हात व वायर दूर ठेवावेत. एखादा स्विच लावताच आकडा उसळला तर दोष त्याच वस्तूच्या अर्थिंगमध्ये आहे. ही तपासणी पंधरा मिनिटांची आहे आणि मला वाटते, इतक्या कमी खर्चात इतके सांगणारी दुसरी तपासणी नाही.

धुणे आणि भरणे

इंजिन थंड असतानाच सुरुवात करावी. गरम रेडिएटरची कॅप उघडू नये. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार अधिक असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ वर जाऊनही उकळलेले नसते आणि कॅप फिरवताच ते अंगावर उसळते. रेडिएटरचा ड्रेन कॉक आणि ब्लॉकवरचा ड्रेन प्लग असे दोन्ही उघडावेत. बहुतेक ठिकाणी फक्त रेडिएटर रिकामा करतात आणि ब्लॉकमधले जुने पाणी तसेच राहते. बाहेर आलेले पाणी पांढऱ्या बादलीत धरून पाहावे: तांबडा गाळ बिडाचा गंज सांगतो, पांढरट पेस्ट ॲल्युमिनियमची झीज किंवा क्षार सांगते, आणि तेलाचा तवंग दिसला तर गॅस्केटची तपासणी आधी करावी.

मग साधे स्वच्छ पाणी भरून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे वरचा होज गरम लागेपर्यंत चालवावे, थंड होऊ द्यावे आणि पुन्हा सोडावे. पाणी नितळ येईपर्यंत हे करावे आणि शेवटचे एक धुणे डिमिनरलाइज्ड पाण्याने करावे. इथे एक चूक फार होते. क्षार काढण्यासाठी धुण्याचा सोडा किंवा फरशी धुण्याचे ॲसिड रेडिएटरमध्ये घालतात. ॲल्युमिनियम आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कलीतही; या दोन्हींनी ते एका तासात जितके झिजेल तितके बोअरच्या पाण्यात कित्येक महिन्यांतही झिजत नाही. ॲल्युमिनियम असलेल्या इंजिनाला त्यासाठीच बनवलेला क्लीनरच वापरावा, आणि तोही सांगितलेल्या वेळेपेक्षा अधिक आत ठेवू नये.

भरताना प्रमाणाचा हिशेब चुकतो तो ब्लॉकमध्ये उरलेल्या पाण्यामुळे. समजा सिस्टीम बारा लिटरची आहे आणि धुतल्यावर आठच लिटर बाहेर आले, म्हणजे चार लिटर पाणी आतच आहे. निम्म्या प्रमाणासाठी आधी सहा लिटर न मिसळलेले कूलंट घालावे आणि उरलेली दोन लिटरची जागा डिमिनरलाइज्ड पाण्याने भरावी. तयार मिश्रणाचा डबा घेतला असेल तर त्यात पाणी मिसळायचे नसते, म्हणून अशा वेळी ब्लॉक पूर्ण रिकामा होणे आवश्यक आहे. आपल्या हवेत एक तृतीयांश कूलंटही उकळण्या-गोठण्याच्या दृष्टीने चालते, पण गंजरोधक रसायने त्याच प्रमाणात कमी पडतात, म्हणून मी निम्मे-निम्मेच धरतो. साठ टक्क्यांच्या वर मात्र जाऊ नये, कारण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही आणि मे महिन्यात बेचाळीस अंशांत नांगरणी करताना तो फरक काट्यावर दिसतो.

होज उतरवलेच असतील तर ज्या तोंडावर ते बसतात तिथली पांढरी भुकटी बारीक पॉलिश पेपरने काढावी, क्लिपा सम दाबाने आवळाव्यात, आणि ॲल्युमिनियमच्या बॉडीला जोड म्हणून तांब्याची नळी किंवा पितळेचे मोठे निपल बसवू देऊ नये. मग कॅप उघडी ठेवून इंजिन मंद चालवावे, गाडीत हीटर असेल तर तो गरमवर ठेवावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहावे. आत राहिलेली हवा हेडच्या वरच्या पोकळीत जाऊन बसते, तिथेच धातू सर्वांत गरम असतो आणि तिथूनच झीज सुरू होते.

यानंतर दर तीन महिन्यांनी पातळी पाहावी आणि दर सहा महिन्यांनी मल्टिमीटरची तपासणी करावी. कूलंटचे क्षार मोजण्यासाठी टीडीएस मीटर वापरू नये. त्यातली गंजरोधक रसायनेही क्षारच असल्याने आकडा काहीच सांगत नाही. आम्लता दाखवणारी पीएचची पट्टी मात्र उपयोगी आहे, कारण ग्लायकॉल जुने झाले की त्यातून आम्ले तयार होतात. नव्या कूलंटचा पीएच लिहून ठेवावा आणि तो सातच्या खाली उतरला तर मुदत संपण्याची वाट पाहू नये. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सजवळ तयार मिश्रणाचा एक लिटरचा डबा ठेवावा. शिवारात होज फुटला आणि जवळ काहीच नसेल तर मिळेल ते स्वच्छ पाणी घालून इंजिन वाचवावे, पण त्याच आठवड्यात सिस्टीम पुन्हा धुऊन घ्यावी.

सोडलेले जुने कूलंट गोठ्याजवळ, हौदाशेजारी किंवा विहिरीच्या उताराला ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, गुरे आणि कुत्री ते चाटतात, आणि थोड्या प्रमाणातही त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर ठळक अक्षरांत लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे आणि जळके तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.

शेवटचे काम म्हणजे एक प्लॅस्टिकची चिठ्ठी रेडिएटरच्या गळ्याला बांधावी आणि तिच्यावर कूलंटचा प्रकार, प्रमाण, भरल्याची तारीख, त्या दिवशीचा पीएच आणि मीटरचा आकडा लिहावा, म्हणजे पुढच्या वेळी बॉनेट उघडणारा मिस्त्री कोणीही असला तरी बादली उचलण्याआधी ती वाचेल.